चपला ध्वजाच्या ओट्यापाशी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे शाळेचा सुरक्षा आराखडा करायचं काम मोठ्या गुरुजींनी माझ्याकडे दिलं, तेव्हा मला त्याचं ओझं वाटलं नाही, अभिमान वाटला. मी शिकवते ती साक्रीकडची शाळा लहान. पहिलीच्या वर्गाला एकच दार आणि भिंतीला लागून खिचडीची खोली. तिथं गॅसची टाकी. मला रोज ती भिंतच दिसायची. काही झालं तर ही चिमुरडी वेळेत बाहेर पडतील ना, एवढाच घोर.

वाळूच्या बादल्या भरल्या, आग विझवायचं नळकांडं दाराबाहेर टांगलं. सगळ्यांनी ध्वजाच्या ओट्यापाशी जमायचं ठरलं. मग एका सकाळी सरावाची घंटा दिली.

पहिलीची पोरं उठली, धावली आणि दारातच थांबली. वर्गात सरस्वतीचा फोटो, म्हणून चपला उंबऱ्याबाहेर काढायची आमच्याकडची रीत. जो तो वाकून आपला जोड शोधत होता. मागचे पुढच्यांवर आदळले. दार बंद असल्यासारखंच झालं.

"अगं, पळ ना!" मी ओरडले.

"बाई, मनी चप्पल नवी शे," एक मुलगी आपल्या नव्याकोऱ्या चपलेत पाय घालत म्हणाली. "हारपनी तं माय मारी!"

खिचडी शिजवणाऱ्या अक्का कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "आग तुमनाकरता थांबी का रे? चपला घाला, केस विंचरा, मंग या!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

मोठे गुरुजी म्हणाले, "चपला आतच ठेवू द्या." पण पालक ऐकेनात. एक आबा म्हणाले, "फोटोसमोर चपला? बाई, तुम्ही तं शिकेल शेतस ना?"

शिकलेय म्हणूनच बोलतेय, असं मी सांगितलं. पण वाद वाढवला नाही. पोरांचा जीव चपलेत आहे, तर चपलाच लांब नेऊन ठेवू. दुसऱ्या दिवसापासून चपला ओट्यापाशी, ओळीनं. तिथून दारापर्यंतचे गोखरूचे काटे आम्ही झाडून काढले.

पुढच्या सरावाला घंटा झाली आणि पोरं जी सुटली ती थेट ओट्यापर्यंत. नव्या चपलेवाली सगळ्यांत पुढं. धापा टाकत तिनं आपला जोड छातीशी धरला. मी मागं वळून बघितलं. वर्ग रिकामा, दार मोकळं.

"शे, बाई, शे!" चप्पल जागेवर आहे हे मला दाखवत ती ओरडली.

"चप्पल बी शे," अक्का म्हणाल्या, "नि तू बी शे."