लादीवरचा मी आणि अण्णा

माझ्या घरी बर्फाची लादी आली आणि दहा मिनिटांत गावानं मला मारून टाकलं.

त्याचं असं झालं. सायटिकानं माझा डावा पाय कमरेपासून टाचेपर्यंत ठणकत होता. डॉक्टर म्हणाले, "टॉवेलात बर्फ गुंडाळून कमरेला लावा." आमच्या फ्रिजात बर्फ होतो तो चमचाभर! म्हणून मी डोकं चालवलं आणि बीडहून अख्खी लादी मागवली. आमच्या नेकनूरमध्ये अख्खी लादी एकाच कामासाठी येते, पाहुणे पोचेपर्यंत मयत ठेवायला. हे मला माहीत होतं. (पण कळ लागली की माणसाची अक्कल आधी जाते.)

लादीवर पोतं टाकून मी ओसरीत उताणा पडलो. अंगावर नुसती चड्डी, म्हणून बायकोनं पांढरी चादर ओढली, माशा बसू नयेत म्हणून तोंडावरूनही, आणि ती दळण आणायला गेली.

शेजारचे तात्या फाटकातून डोकावले. "अरारा! काल तर चांगला हिंडत व्हता!" म्हणत पळाले ते थेट अण्णाकडे. अण्णा माझा थोरला भाऊ. बांधावरचं लिंबाचं झाड मी त्याला न विचारता तोडलं, तेव्हापासून नऊ वर्षं तो माझ्याशी बोलला नव्हता. चूक माझीच. पण माफी मागायला जीभ रेटत नव्हती.

अण्णा रडतच आला. "बाळ्या, असा कसा गेलास रे! झाडाचं काय घिऊन बसलो मी! लई चुकलं माझं!"

मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण नऊ वर्षांत इतकं गोड काही कानावर पडलं नव्हतं! म्हटलं, अजून थोडं बोलू दे. तेवढ्यात मागून तात्या म्हणाले, "मानूस तसा खडूसच व्हता."

"तात्या, तुमी गप बसा!" मी चादरीतून ओरडलो.

तात्या फाटकाबाहेर! अण्णानं चादर खेचली.

"जित्ता हायस?"

"सायटिका हाय, अण्णा. म्हणून बर्फ..."

"कवापासून ऐकत व्हतास?"

इथं तरी खोटं बोलायचं! "पयल्यापासून," म्हणालो.

"माझं रडं ऐकायला निजलास बे?" डोळे पुसत तो अनवाणीच निघाला. मी मागे धावलो, पण कंबर बधिर झालेली. चादरीत पाय अडकून तोंडावर आपटलो. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

नंतर दोनदा त्याच्या दारात गेलो. दार उघडलं नाही. फार लागलं मनाला. आता मी खरोखर मेलो तरी अण्णा स्वतः यायचा नाही. आधी माणूस पाठवेल आणि बजावेल, "नीट हलवून बघ, लई नाटकी हाय."