खिळ्यावरचं माहितीपत्रक

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं पुसट झाली, पण घरघंटीच्या, म्हणजे घरगुती पिठाच्या गिरणीच्या, मोटारींचं प्रकरण आजही जसंच्या तसं आठवतं. कारण त्यात मी आधी चुकीचा माणूस धरला होता.

मी तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. तीन गावांतून एकाच धर्तीच्या तक्रारी आल्या. एक माणूस घरी येतो, घरघंटी दुरुस्तीचं माहितीपत्रक देतो, मोटार काढून नेतो आणि पुन्हा दिसत नाही. पत्रकावर नालवाडीच्या एका कारागिराचं नाव होतं. तक्रारदारांनी त्याला ओळखलं नाही, तरी मी म्हटलं, याचाच कोणी साथीदार असणार. दोन दिवस त्याला ठाण्यातल्या बाकावर बसवलं. तिकडे गावोगाव त्याचं नाव खराब होत होतं, आणि त्या नावावरच त्याचं घर चालत होतं.

तो एकच सांगत होता. "साहेब, हे पत्रक माझं नाई. माझ्या पत्रकाले भोक रायते, मी सुतळी ओवूनच देतो. घरोघरी लाइट बिलाचा खिळा असते. तिथं टांगलं की फेकल्या जात नाई."

"मोबाइलच्या जमान्यात तुझं पत्रक कोण जपतं?" मी हसलो.

"जाऊन तर पाहा ना साहेब."

मी चिडलो, पण पडताळणी करणं भागच होतं. त्याने सांगितलेल्या पाच घरी गेलो. चार घरांत मीटरजवळच्या खिळ्यावर, बिलांच्या गठ्ठ्यासोबत त्याचं पिवळं पडलेलं पत्रक लटकत होतं. नाव तेच, फोन नंबर मात्र तक्रारदारांकडच्या पत्रकापेक्षा वेगळा. कोणी नवं पत्रक घेऊन आलं तर नंबर पडताळून ठाण्याला कळवा, असं सांगून परतलो.

तिसऱ्या दिवशी त्या चार घरांपैकी केळझरच्या बाईंचा दबक्या आवाजात फोन आला. "साहेब, तो येऊन बसला. खिळ्यावरचा नंबर अन् याचा नंबर जुळून नाई राह्यला. मी चहा मांडला, तुम्ही लवकर या."

आम्ही पोचलो तेव्हा तो दुसरा कप पीत होता.

"काऊन रे, त्याच्याच नावानं?" मी विचारलं.

"त्याच्या नावावर लोक दार उघडतेत साहेब. वाटलं, जुना कागद कोण ठेवून राह्यलं आता?"

ही चूक त्याची होती, तशी माझीही होती. पळून जायचं असलेला माणूस आपलं नाव छापून घरोघर टांगत नाही, हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. संशयिताचं म्हणणं हसण्याआधी तपासावं, हे मी तिथे शिकलो.

मोटारी परत मिळाल्या. कारागीर निघताना दाराशी थांबला. "साहेब, आता पत्रक छापू का नाई? भेव वाटते."

"छापा," मी म्हणालो, "आणि पहिलं मला आणून द्या."

आठ दिवसांनी त्याने आणलं, सुतळीसकट. ज्या बाकावर त्याला बसवलं होतं, त्याच्या वरच मी स्वतः खिळा ठोकला.