दादानं पुण्याला नेलेल्या सीडी

आमच्या घरात मेटल संगीत आणलं ते दादानं. तो पुण्याला इंजिनिअरिंगला होता आणि मी कोल्हापुरात अकरावीला. सुट्टीला येताना तो कपड्यांच्या घड्यांत सीडी दडवून आणायचा. रविवारी सकाळी आई-बाबा विहारात वंदनेला गेले की आम्ही दार लावून घ्यायचो. इयरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या.

पहिला अल्बम स्वीडनच्या एका बँडचा होता. गाणारा गात नव्हता, घशात खडी फोडत होता. मी इयरफोन काढून फेकला.

"तायडे, आवाजाकडं लक्ष देऊ नको," दादा म्हणाला. "मागं गिटारी काय करत्यात ते ऐक की."

मी ऐकलं. दोन गिटारी जोडीनं चालल्या होत्या, आणि त्या सगळ्या खरखरीखाली इतकी उदास चाल होती की माझे डोळे भरून आले. त्या दिवसापासून मी दादाच्याही पुढं गेले. डिक्शनरी घेऊन सीडीसोबतच्या पुस्तिकेतल्या गाण्यांचे अर्थ लावायला लागले. तो परत गेला तरी सीडी माझ्याकडंच राहायच्या, माझ्या कपाटात, ओढण्यांखाली.

मेटलकोरचा, म्हणजे मेटलमधल्याच एका प्रकारचा, एक अमेरिकन अल्बम माझा सगळ्यात लाडका. त्यातलं गाणं सुसाट सुटायचं आणि मध्येच जड होऊन, अडखळत, तुकड्या-तुकड्यानं कोसळायचं. मी दादाला म्हणाले, "हे आत्याच्या मागासारखं हाय बघ." इचलकरंजीला आत्याच्या घराला लागून यंत्रमागांची शेड होती. सुट्टीत मी तिथं तासन्‌तास बसायचे. माग बंद पडताना जो अडखळता ठेका यायचा, तो थेट पोटात जाणवायचा. दादा कधी शेडमध्ये आला नाही. कापसाच्या तुसानं त्याला शिंका यायच्या. पण माझं बोलणं त्याला फार आवडलं. "नोकरी लागू दे," तो म्हणाला, "तुला बंगलोरला कॉन्सर्टला न्हेतो."

मग एका मे महिन्यात मुरगूडहून मामा आले. टॉवेल शोधताना त्यांनी नेमकं माझं कपाट उघडलं. हाताला लागली ती कवटी आणि जळक्या पंखांचं चित्र असलेली सीडी. मामांनी ती आईसमोर धरली आणि माझ्यावर डाफरले,

"पोरीच्या जातीनं ऐकायचं हाय व्हय ह्ये? कुणी दिलं तुला?"

मी दादाकडं पाहिलं. तो शेजारीच चहा पीत होता. मला वाटलं, आता तो हसेल आणि म्हणेल, मीच आणलंय, नुसतं संगीत आहे मामा.

"मैत्रिणींकडनं आणती," दादा म्हणाला. "मी कितीदा सांगितलं तिला, असलं ऐकू नको म्हणून."

एवढं बोलून त्यानं बशीत चहा ओतला. आई कपाटातल्या सगळ्या सीडी जाळायला निघाली तेव्हा तोच म्हणाला, "दे इकडं, मी लावतो विल्हेवाट." मला वाटलं, वाचवतोय. पुढच्या सुट्टीत एकांत मिळताच मी विचारलं. "टाकल्या की," तो म्हणाला. त्यानंतर रविवारी मीही विहारात जायला लागले.

त्याला नोकरी लागली तेव्हा आई आणि मी त्याचं बिऱ्हाड बघायला पुण्याला गेलो. तो दूध आणायला खाली उतरला होता, आई आत ओटा आवरत होती. मांडणीवर माझ्या सगळ्या सीडी होत्या. कवटीचीसुद्धा. त्याचा खोलीतला जोडीदार कौतुकानं सांगायला लागला, "तुमचा भाऊ म्हणजे दर्दी माणूस! परवाच आम्ही सगळे बंगलोरला कॉन्सर्टला जाऊन आलो. आणि हा मेटलकोरचा अल्बम ऐकताना काय सांगतो माहितीय? म्हणे, लहानपणी इचलकरंजीत मागाजवळ बसून बसून हा ठेका माझ्या पोटात शिरला."

कॉन्सर्टचं मी सोसलं असतं. पण माझं बालपण त्यानं स्वतःच्या नावावर सांगितलं होतं.

मी तो अल्बम काढून पिशवीत टाकला. तेवढ्यात दादा दारात आला. "अगं, ठेव की तिथं. आई हाय," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"माझा हाय," मी मोठ्यानं म्हणाले.

येताना एसटीत आईनं पिशवी उघडून बघितली. "ह्याची विल्हेवाट लावतो म्हणालाता न्हवं त्यो?"

मी सगळं सांगितलं. आईनं पिशवीचं तोंड बांधलं. मग म्हणाली, "तुझं ऱ्हाऊ दे. माझ्याम्होरं खोटं बोलायची काय गरज हुती त्याला?"

पुढं मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये लागले. दादा सुट्टीला आला की नव्या अल्बमचा विषय काढायचा. मी उठून कामाला लागायचे. एकदा तो चिडलाच. "एवढ्याशा गोष्टीचं किती दिवस धरून बसणार हाईस?"

"एवढीशीच हुती तर मामांच्या म्होरं खरं बोलायला काय झालतं?"

तो उठला आणि बाबांकडं जाऊन पेपर वाचू लागला.

कामावर जाता-येता मी अजून रोज मेटल ऐकते. बसमध्ये शेजारची बाई कधी विचारते, काय ऐकताय? इयरफोन पुढं करावासा वाटतो. करत नाही. "गाणी," म्हणते.