गाठ क्रमांक पाच

रोझीचं शेवटचं पोस्टिंग विश्रांतवाडी. मंगळवारी सकाळी अकराला ती माझ्या फ्लॅटमध्ये हजर झाली. लॅब्राडोर, मादी, रंग पिवळा, वय नऊ वर्षं, वजन एकोणतीस किलो. नोकरी फौजेत, स्फोटकं हुंगून शोधण्याची. मी रिटायर झालो त्याच महिन्यात तीही झाली. मी नायब सुभेदार म्हणून उतरलो, ती श्वान म्हणून. सोसायटीत मात्र मला सगळे सुभेदार साहेब म्हणतात. दुरुस्त करायचा प्रयत्न केला, नाद सोडला.

रोझी मुळात माझी कुत्री नव्हे. ती नाईक विलासची. विलास तिचा हँडलर, मी त्या वेळी डॉग सेक्शनचा हवालदार. सहा वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या डोंगरात एका सर्चमध्ये विलास गेला. वय अठ्ठावीस, लग्न ठरलेलं. त्यानंतर रोझी तीन आठवडे कुणाचं ऐकेना. शेवटी तिची लीश मी हातात घेतली, ती तिच्या रिटायरमेंटपर्यंत. घरी न्यायची वेळ आली तेव्हा अर्ज मी एकट्यानेच केला. दुसऱ्या कुणाची माझ्यासमोर अर्ज करायची हिंमत झाली नसावी.

विलासची आई चंद्रपूरकडे एका खेड्यात असते. एकटी. दर रविवारी सकाळी आठला मी तिला फोन करायचा, ही आमची पद्धत. बोलणं दोन मिनिटांचं. "रोझी कशी हाय सायेब?" "ओके आहे आई." "जेवते ना?" "जेवते." "बरं, ठेवतो मंग." एवढंच. विलासबद्दल ती बोलायची नाही, मीही नाही.

आता गाठींचं सांगतो. सिव्हिलियन लोकांना हे माहीत नसतं म्हणून नीट सांगतो. कुत्रं म्हातारं झालं की अंगावर गाठी येतात. लॅब्राडोरला जास्त. बहुतेक गाठी चरबीच्या, निरुपद्रवी. पण बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हेत. फौजेत ग्रूमिंगच्या वेळी रोज अंगावरून हात फिरवायची सवय लावतात. कान, जबडा, गळा, काख, छाती, पोट, मांडीची आतली बाजू, बोटांच्या मधली कातडी, शेपटीखाली. हात केसांतून उलटा न्यायचा. घाई नाही.

घरी मी ते साप्ताहिक केलं. रविवारी सकाळी सात, गॅलरीत सतरंजी. एक रजिस्टर. पानावर कुत्र्याची आकृती काढलेली, डावी बाजू, उजवी बाजू, पोट. प्रत्येक गाठीला नंबर, जागा, माप, रंग, मऊ की कडक, हलते की चिकटलेली. मापासाठी बुधवार पेठेतून व्हर्निअर कॅलिपर आणला. दुकानदाराने विचारलं, कुठल्या वर्कशॉपला आहात. म्हटलं, एक म्हातारी मोजायचीय.

खालच्या मजल्यावरचे जोशी म्हणायचे, "सुभेदार साहेब, आमचंही बीपी लिहीत जा त्यात. आमच्याकडे कोण बघतंय."

मी म्हणायचो, "तुम्ही सतरंजीवर गप पडून राहणार असाल तर या."

पहिल्या चार गाठी डॉक्टरबाईंना दाखवल्या. तरुण मुलगी, हात हलका. प्रत्येक वेळी तिने बारीक सुई टोचली, काचेवर थेंब घेतला, तपासला. चारही वेळा चरबी. तिने तेव्हाच बजावलं होतं, "काका, मोजताय ते छान आहे. पण नवीन गाठ आली की आणायची. हाताला मऊ लागली म्हणजे चरबीच, असं नसतं. सुईशिवाय कळत नाही." मी "येस मॅडम" म्हणालो. ऑर्डर स्पष्ट होती.

पाचवी गाठ गणपतीत सापडली. उजव्या मागच्या मांडीच्या आत, जांघेजवळ. नऊ मिलिमीटर. हरभऱ्याएवढी, मऊ, वरचे केस किंचित विरळ. मी नंबर दिला, लिहून ठेवली आणि डॉक्टरकडे नेली नाही.

का नेली नाही, हे मी नंतर स्वतःला खूप वेळा विचारलं. बारूद भरलेल्या गाडीखाली न डगमगता शिरणारी रोझी दवाखान्याच्या टेबलावर थरथरायची, ते मला बघवत नव्हतं, हे एक. दुसरं खरं कारण. चार वेळा चरबी निघाली, तेव्हा पाचवीही चरबीच, हे मी परस्पर ठरवून टाकलं. पंचवीस वर्षं कुत्र्यांत घालवलेला माणूस, मला काय शिकवता, असा तो तोरा होता.

पुढचे रविवार. अकरा मिलिमीटर. आठ. बारा. सात. कमी-जास्त होत होती, पण शेवटचा आकडा पहिल्यापेक्षा कमी होता. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "गाठ क्र. ५ : घट. समाधानकारक." ते लिहून मला फार बरं वाटलं होतं.

माझी बायको मंदा. कॅलिपरला तिने कधी हात लावला नाही. तिचं काम संध्याकाळी, फिरून आल्यावर रोझीचे पाय ओल्या फडक्याने पुसायचे. दिवाळीच्या आधी एकदा पाय पुसता पुसता ती म्हणाली, "अहो, ही मांडीतली गाठ संध्याकाळी फुगते. भोवती लाल होतं. सकाळी परत बसते."

"तू मोजलीस का?"

"मी कशाला मोजू? हाताला कळतंय."

"मग तो अंदाज झाला."

"बरं, अंदाज. तुम्ही आत्ता येऊन बघा की."

"रविवारी बघतो."

मी बातम्या बघत होतो. उठून तीन पावलं जायचं होतं, गेलो नाही. रविवारी सकाळी सातला बघितलं, तर रात्रभर झोपून उठलेल्या कुत्र्याची गाठ बसलेली. आठ मिलिमीटर. मी मंदाला आकडा दाखवला. ती म्हणाली, "तुम्हाला जास्त कळतं." तिचा तो सूर मला ओळखता यायला हवा होता. तीस वर्षं झाली लग्नाला.

महाशिवरात्रीच्या आदल्या गुरुवारी दुपारी चार चाळीसला आम्ही फिरून आलो. रोझी जिन्याखाली बसून मांडी चाटायला लागली, मग दाताने खाजवायला लागली. मी "नो" म्हटलं, थांबली. वर आली. चार पंचावन्नला उलटी. पाच वाजता दुसरी. मी हिरड्या बघितल्या, पांढऱ्याफटक. मांडी तळहाताएवढी सुजलेली, कातडी लालभडक, गरम. ती माझ्याकडे बघून उठायला गेली आणि मागचे पाय तिच्याखालून निघून गेले.

"मंदा, चादर."

"जाड का पातळ?"

"जाड. रिक्षा बोलव."

चादरीचं स्ट्रेचर केलं. तिने पायाकडची बाजू धरली, मी डोक्याकडची. जोशी दार उघडून बघत होते, पुढे आले आणि मध्ये हात घातला. रिक्षावाला म्हणाला, "काका, सीटवर नाही हं." मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "घ्या, घ्या." चौकात सिग्नलला आम्ही सात मिनिटं उभे होतो. मी तिचा श्वास मोजत होतो. मंदा तिच्या कानात काहीतरी बोलत होती.

पाच एकतीसला टेबलावर. सलाईन, दोन इंजेक्शनं. डॉक्टरबाईंनी मांडी बघितली.

"काका, ही गाठ कधीपासून?"

"पाच महिने."

"सुई केली होती?"

"नाही."

"का?"

"लहान होत होती."

मग तिने समजावलं, न रागावता. रागावली असती तर सोपं गेलं असतं. ही चरबी नव्हे, मास्ट सेलची गाठ, कॅन्सर. तपासणीत पक्कं होईल, पण तिला शंका नव्हती. या गाठीत अशी द्रव्यं भरलेली असतात की चाटलं, घासलं, चालून गरम झालं की ती बाहेर पडतात. गाठ फुगते, लाल होते. शांत पडून राहिलं की बसते. कधी एकदम जास्त सुटली की आजच्यासारखं होतं.

"लहान-मोठी होणं हीच तिची ओळख, काका."

मंदा माझ्या शेजारी उभी होती.

शनिवारी रिपोर्ट आला. जांघेतल्या ग्रंथीत आणि प्लीहेत पसरलेलं. ऑपरेशनला अर्थ उरला नव्हता. गणपतीतच आणली असती तर? मी विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तेव्हा काढून टाकता आली असती. मग काय झालं असतं ते मी छातीठोक नाही सांगू शकत." सभ्य मुलगी. मला उत्तर कळलं.

घरी आल्यावर मी मंदाला म्हटलं, "तू सांगितलं होतंस."

"हो."

"मग जोर का नाही केलास?"

"तुमच्यापुढे कोण जोर करणार?" ती म्हणाली आणि गोळ्या बारीक करायला आत गेली.

रोझी तीन आठवडे जगली. त्या तीन आठवड्यांत तीन रविवार आले. तिन्ही रविवारी आठ वाजता मी चंद्रपूरला फोन केला आणि "ओके आहे आई" असं सांगितलं. दोनदा ती "बरं" म्हणाली. तिसऱ्यांदा तिने नुसताच फोन ठेवला.

शुक्रवारी रोझीने पाणी पिणं सोडलं. शनिवारी सकाळी डॉक्टरबाई घरी आल्या. गॅलरीत ऊन होतं. रोझीचं डोकं माझ्या मांडीवर, मंदाचा हात तिच्या पाठीवर. अकरा दहाला पहिलं इंजेक्शन, अकरा अठराला सगळं संपलं. मी रडलो. बापाच्या वेळी रडलो नव्हतो एवढा रडलो. मंदाने डॉक्टरबाईंना चहा विचारला, त्या नको म्हणाल्या, तरी तिने केला.

दुसऱ्या दिवशी रविवार. आठ वाजता फोन लावला.

"रोझी काल गेली, आई."

तिकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"गाठीनं का?"

मी तिला गाठीचं कधी सांगितलं नव्हतं. "तुम्हाला कोण बोललं?"

"मंदाताई बोलल्या होत्या मले फोनवर. दिवाळीच्या आंधी. फुगते म्हने सांजच्याले."

"मग मला का नाही विचारलंत?"

"तुमी ओके म्हनत होते. म्या म्हटलं, सायेबाले माहीत असन."

दोन बायकांना कळलं होतं, आणि दोघी माझ्या माहितीवर विसंबून गप्प बसल्या होत्या. मी उभा राहिलो. का उभा राहिलो, माहीत नाही.

"मला माहीत नव्हतं आई. मंदाने सांगितलं, मी बघितलं नाही. चूक माझी आहे. तीन आठवडे तुम्हाला खोटंही सांगितलं."

"तिले तरास झाला का लय?"

"झाला. शेवटी नाही झाला."

मग ती म्हणाली, "अन् विलासले?"

सहा वर्षांत तिने हे विचारलं नव्हतं. त्या वेळी शव घेऊन मीच तिच्या गावी गेलो होतो. अंगणात, सगळ्या गावासमोर, मी तिला सांगितलं होतं की त्याला काही कळलंच नाही, जागीच गेला. असंच सांगतात. सांगणाऱ्याला सोपं पडतं.

"तुमाले सांगाचं नसन तं राहू द्या," ती म्हणाली.

"सांगतो."

मी सांगितलं. सकाळचे अकरा वीस. नाल्याच्या कडेने सर्च चालू होता. रोझी एका दगडापाशी बसली, म्हणजे खाली स्फोटकांचा माल होता. विलासने हात वर केला, आम्ही सगळे थांबलो, म्हणून आम्ही नऊ जण वाचलो. तो रोझीला मागे घेत होता तेव्हा समोरच्या झाडीतून फायर आला. त्याने लीश सोडली आणि तिला माझ्याकडे पिटाळलं. दोन गोळ्या पोटात. मी रेडिओवर सांगितलं, "वन कॅज्युअल्टी, विलास हिट, ओव्हर." उत्तर आलं, "वेट, आउट." म्हणजे थांबा, नंतर बोलतो. फायर चालूच होता, हेलिकॉप्टर उतरू शकत नव्हतं. मी सरपटत त्याच्यापर्यंत गेलो. तो शुद्धीवर होता.

"किती येळ?"

"अठरा मिनिटं."

"बोलला?"

"बोलला. रोझीला लागलं का विचारलं. नाही म्हटलं. मग तुमचं नाव घेतलं. आई म्हणून नाही, नाव घेतलं. सुमन, सुमन असं."

"लहानपनी तसाच हाक मारे. बापाचं आयकून."

"मला माहीत नव्हतं. तेव्हा मला वाटलं, लग्न ठरलेल्या मुलीचं नाव, मग त्याच्या कागदांत तुमचं वाचलं."

ती रडत होती, पण फोन ठेवत नव्हती. मंदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"पानी मागतलं का त्यानं?"

"मागितलं."

"देल्लं तुमी?"

पोटात गोळी असली की पाणी द्यायचं नसतं. आम्हाला तसंच शिकवलेलं असतं. हो म्हणणं सोपं होतं. माझ्या तोंडात ते आलंही होतं.

"नाही दिलं, आई. द्यायची मनाई असते. रुमाल ओला करून ओठांना लावला. तो रुमाल चोखत होता."

"अजून सांगा," सुमनबाई म्हणाली. "घाई नाही मले."

मी खुर्ची ओढून बसलो आणि तिला विलासचं सांगत राहिलो.