ओम कुठे गेला, हे सांगताना

डॉक्टरांनी आधी दार लावून घेतलं, तेव्हाच मी समजले. "आजी, ॲक्यूट ल्युकेमिया आहे. म्हणजे रक्ताचा कॅन्सर." माझी नात ईश्वरी, सात वर्षांची. तिच्या पायांवर निळे डाग यायचे, ताप उतरायचा नाही. गावी, कळंबला, आम्ही म्हणायचो, पडली असेल खेळताना.

सून सुवर्णा रडायला लागली. मी म्हटलं, "रडून घे, मग तोंड धू. पोरीसमोर जायचंय."

पुण्याच्या मुलांच्या दवाखान्यात एक ताई होती. पुढे काय होणार ते मुलांना समजावणं, एवढंच तिचं काम. लंबर पंक्चर, म्हणजे मणक्यात सुई घालून पाणी काढतात, ते तिने आधी बाहुलीवर करून दाखवलं. "दुखेल. रड हवं तर. हलू नकोस." ईश्वरी हलली नाही.

आमच्याकडे लेकरांना खरं सांगायची रीत नाही. शेजारच्या खाटेवरचा ओम वारला. चादर बदलताना ईश्वरीने विचारलं, ओम कुठंय? सुवर्णा म्हणाली, "मामाच्या गावाला गेला."

पुढे रेमिशन आलं. म्हणजे तपासणीत रोग दिसेना. बरी झाली असं नव्हे. डॉक्टरांनी थोडे दिवस सुट्टी दिली. तिच्या आजोळहून, आळ्याहून, मामा गाडी घेऊन आला. हौसेने म्हणाला, "चल गं पोरी, मामाच्या गावाला!"

पोरीने खाटेचा दांडा धरला. किंचाळली, जागेवरच मुतली. "ओम गेला तिकडं मला नाय जायाचं! औषध नाय थुकणार आता!"

मामा तिला उचलायला पुढे झाला.

ताईने सगळ्यांना थांबवलं. "खरं सांगा तिला. मी बसते जवळ, पण सांगायचं घरच्यांनी." सुवर्णा मागे सरकली. मी खाटेवर बसले.

"ओम मेला, ईश्वरी. आपण आळ्यालाच चाललोय."

"आन मी मरनार?"

"आत्ता रोग दिसत न्हाई. परत यील का, ते डॉक्टरला ठाव न्हाई, मला बी न्हाई."

"मंग आई खोटं बोलली?"

"व्हय. भ्याली व्हती ती."

तिने दांडा सोडला. आईने हात पुढे केला, तो घेतला नाही.

उपचार अजून चालू आहेत. त्या ताईचे उपकार मी विसरणार नाही. पण सुई टोचायच्या आधी ईश्वरी अजूनही मलाच विचारते, दुखंल का. सुवर्णा शेजारी उभी असते. तुमच्या घरावर ही वेळ आली, तर पहिल्या दिवसापासून खरं बोला. आणि ते आईलाच बोलू द्या.