फक्त एक ठार

सावेतामावशी आमच्या वाचनालयात झाडलोटीला लागली, तेव्हा तिला अक्षरओळख जेमतेमच होती. नवरा, अव्राम, कोळशाच्या खाणीत मेला, पदरी पोर नाही, म्हणून ही नोकरी. जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड पुसता पुसता ती वाचायला शिकली. एक दिवस बघतो, तर खंडाखंडांतून चिठ्ठ्या डोकावतायत.

"मावशी, हे काय?"

"'फक्त' शोधतेय. बघ, लग्नाला फक्त घरची मंडळी. पुरात फक्त दोन गाई वाहून गेल्या. आणि हे." तिनं अठरा वर्षांपूर्वीचा अंक उघडला. 'खाणीत स्फोट. फक्त एक ठार.'

"हा माझा अव्राम. तेव्हा शेजारणीनं वाचून दाखवलं होतं. मला वाटलं, तो शब्द तिनंच पदरचा घातला. वर्षभर तिच्याशी बोलले नाही मी."

शेजारणीनं सोसलं ते माझ्या वाट्याचं होतं. तेव्हा मी तेवीस वर्षांचा, त्याच पत्राचा बातमीदार. खाली चाळीस जण अडकलेले, एकोणचाळीस वर आले. त्या आनंदात हात लिहून गेला. मी तिला सांगून टाकलं.

 तिनं सगळी फरशी पुसून काढली, बादली ओतून आली.

"मेला तो कोण, माहीत होतं तुला?"

"नाव कळलं नव्हतं."

"विचारलंस?"

"नाही."

"मग आता लिही. मी सांगते."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती वाचकांच्या खुर्चीत बसली. अव्राम डाव्या कानानं कमी ऐकायचा. मामालिगेबरोबर, मक्याच्या त्या घट्ट लापशीबरोबर, कच्चा कांदा बुक्कीनं फोडून खायचा. कबुतरांना नावं दिलेली, पण कुठलं कोण, ते त्याचं त्यालाच ओळखू येत नसे.

मी ते छापायला घेऊन गेलो. संपादक जुना दोस्त. "अरे बाबा, माणूस मरून अठरा वर्षं झाली. ही काय बातमी झाली?" म्हणत त्यानं कागद परत दिला.

परत येऊन मी तो कागद मावशीपुढे ठेवला.

"नाही ना छापत? मग तूच वाच एकदा मोठ्यानं."

मी वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

"त्याचा आवाज कसा होता, ते राहिलं," ती म्हणाली. बराच वेळ आठवत बसली. ओठही हलले. मग डोक्याचा रुमाल सोडून तिनं तोंडावर धरला.

"नाही रे आठवत."