रतनबाईंनी शिवलेली खोळ

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगतो. कामशेतला स्टेशनजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकाचं निम्मं बोलणं व्हायच्या आत मी उत्तर देऊन मोकळा होतो. बायको म्हणते, "अहो, ऐकून तरी घेत जा." नाही घेतलं. रतनबाईंचंही नाही घेतलं.

रतनबाई खंडाळ्याच्या. नवरा गेल्यापासून एका बंगल्याची राखण त्याच करतात. मालक वर्षातून चारदा येणार, पण बंगला उद्याच कोणी येणार असल्यासारखा ठेवायचा, ही त्यांची रीत. मे संपला की सोफे, गाद्या, टीव्ही, सगळं प्लास्टिक आणि जुन्या चादरींत बांधून टाकायचं. तिथे पावसाळ्यात चार दिवसांत चपलेला बुरशी येते. पण वीस वर्षांत त्या बंगल्यातली एक उशी खराब झाली नाही. मालकाला त्याचं कौतुक किती, ते सोडा.

त्यांची एकुलती एक लेक यशोधरा. विहारातल्या कार्यक्रमांचे फलक कॉम्प्युटरवर करता करता तिला चित्रांचा नाद लागला, मग तिनं पुण्याला जाऊन कोर्स केला. घर बांधायच्या आधीच ते आतून कसं दिसेल, उजेड कुठून येईल, अशी खरी वाटणारी चित्रं ती करायची. पुण्यातल्या एका ऑफिसनं तिला तीन महिने घरून काम करून दाखवायला सांगितलं. जमलं तर कायमची नोकरी. मशीन मीच दिलं होतं, जुनं पण दणकट.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये रतनबाईंचा फोन आला. "आदिनाथभाऊ, हवा लय वली झालीया. मशीन झाकू का?" माझ्यासमोर एक जण बिघडलेला प्रिंटर घेऊन डोकं खात होता. मी म्हटलं, "झाका मावशी, झाकलेलं बरंच." आणि फोन ठेवला. बंद असताना झाका, एवढं सांगायला माझ्या जिभेला काय झालं होतं कोण जाणे.

जुलैत यशोधराचा फोन. "दादा, मशीन फार हळू झालंय. एक चित्र तयार करून द्यायला त्याला पाऊण तास लागायचा, आता तीन तास लागतात. दोनदा उशीर झाला, ऑफिसवाले नाराज आहेत. येऊन बघता का?"

"जुनं मशीन आहे बाई, बोजा वाढला की हळू होणारच," मी खेकसलो. बाहेर धो धो पाऊस, खंडाळ्यापर्यंत गाडी कोण घालणार? तिनं आणखी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी 'रविवारी येतो' म्हणालो.

गेलो ऑगस्टमध्ये, वरातीमागून घोडं. आदल्याच दिवशी ऑफिसनं तिला कळवलं होतं, काम चांगलं आहे पण वेग नाही, नोकरी देता येणार नाही.

खोलीत शिरलो आणि मशीन बघून डोकंच सणकलं. आतून प्लास्टिक, वरून जुन्या साडीची खोळ, अगदी मापात शिवलेली. बटणाच्या जागी काज केलेलं, वायरींपुरती भोकं. आणि आत मशीन चालू. पत्र्याला हात लावला तर चटका बसला. तापमान पाहिलं, प्रोसेसर अठ्ठ्याण्णव अंशांवर. एवढा तापला तरी तो लगेच बंद पडत नाही. जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, घाट चढणारा लादलेला ट्रक रांगतो तसा. बंद पडला असता तर परवडलं असतं, निदान मी धावत तरी आलो असतो.

खोळ काढली, पंख्यातली धूळ झटकली, तेच चित्र पुन्हा लावलं. चाळीस मिनिटांत पुरं झालं. यशोधरा पडद्याकडे बघतच राहिली.

"चालू मशीनवर ही खोळ घातली कोणी?" मी ओरडलो. शब्द तोंडातून गेला आणि जूनचा फोन आठवला.

"मीच," रतनबाई म्हणाल्या.

"आई, तू दादांना विचारलं होतंस ना?"

रतनबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "न्हाई गं. माझ्याच मनानं केलं. बंगल्यात झाकते तसं."

मग त्यांनी लेकीला ऑफिसचा फोन लावायला लावला आणि स्वतः बोलल्या. "साहेब, पोरगी हळू न्हाई हो. म्याच मशीन झाकून ठिवलं व्हतं. आता ठीक झालंया, आनखी एक महिना बघा." पलीकडचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकलं. जागा भरली होती. "बरं साहेब," म्हणून त्यांनी फोन लेकीच्या हातात दिला. मी तिथेच उभा होतो, मूग गिळून. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा थांबत नाही.

मावशींनी मला का वाचवलं, मला कळलेलं नाही. विचारायची लाज वाटते. यशोधरा आता लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर बसते. पगार येतो, पण चित्रं सुटली. आईशी ती कामापुरतंच बोलते. ज्या बाईनं विचारून केलं, तिला तिची लेक अडाणी समजते.

कामशेतहून खंडाळा मोटरसायकलवर पाऊण तास. यशोधरासमोर उभं राहून एवढंच सांगायचं आहे, तुझ्या आईनं मला विचारलं होतं. दोन वर्षं झाली, मी अजून गेलेलो नाही.